तुरुंगाचे अभ्यागत होताय? आधी वह्या मागा

कोथरूडच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारले आहे: ‘कारागृहाचा अशासकीय अभ्यागत, म्हणजे तुरुंगाची पाहणी करायला सरकारने नेमलेला बाहेरचा नागरिक, म्हणून माझे नाव सुचवले गेले आहे. आयुष्यात कधी तुरुंगाचे दार ओलांडलेले नाही. आत जाऊन नेमके काय पाहायचे? ते दाखवतील तेवढेच दिसणार ना? आणि काही गैर आढळले तर माझ्या हातात काय असते? मित्र म्हणतात, चहा घ्यायचा, वहीत “व्यवस्था समाधानकारक” असे लिहायचे आणि घरी यायचे, एवढेच असते ते.’

सर, तुमचे मित्र अगदीच खोटे सांगत नाहीत. मी आधी फौजदारी वकिली केली, मग विधी सेवेच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदतीच्या, कामातून तुरुंगांत जाऊ लागले आणि पुढे अशासकीय अभ्यागत म्हणूनही काम केले. त्या काळात आधीच्या अभ्यागतांचे शेरे वाचायची मला खोडच लागली. ‘परिसर स्वच्छ. भोजन चाखले, रुचकर होते. बंद्यांची काही तक्रार नाही.’ अक्षर बदलते, शाई बदलते, मजकूर तोच. लिहिणारी माणसे खोटारडी नव्हती. जे दाखवले ते त्यांनी पाहिले. विचारायचे काय, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीची दोन सोपी होतात. तुमच्या हातात हुकूम नसतो. अधीक्षकांना ‘हे करा’ असे सांगता येत नाही, कोणाची बराक बदलता येत नाही, कोणाला निलंबित करता येत नाही. तुम्हाला पाहता येते, विचारता येते आणि लिहिता येते. हे ऐकून लोकांचा विरस होतो. पण सरकारी यंत्रणेत लिहिलेल्या शब्दाला, विशेषतः तारीख घालून लिहिलेल्या शब्दाला, बाहेरच्या माणसाला वाटते त्याहून जास्त वजन असते. 1894 च्या तुरुंग कायद्याने अधीक्षकांना काही वह्या ठेवायला लावल्या: दाखल झालेल्या कैद्यांची वही, सुटकेच्या तारखांची वही, दिलेल्या शिक्षांची वही, आणि याच यादीत अभ्यागतांच्या शेऱ्यांचीही वही आहे. इंग्रजांच्या त्या कायद्यात दयाबुद्धी फारशी नव्हती, कागदाची शिस्त मात्र होती. पुढे महाराष्ट्राने अभ्यागतांसाठी 1962 मध्ये स्वतंत्र नियम केले. तुम्ही शेरा लिहायचा, अधीक्षकांनी त्यावर आपले म्हणणे जोडायचे आणि प्रत कारागृह महानिरीक्षकांकडे जायची, अशी ही वाट आहे. ते कार्यालय तर पुण्यातच आहे.

म्हणजे अभ्यागताचे सगळे सामर्थ्य दोन गोष्टींत आहे: काय लिहिले, आणि ते लिहून तो पुन्हा आला का. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. एकदाच येणाऱ्या माणसाला तुरुंग सहज पचवतो.

आता पहिल्या भेटीबद्दल. येरवड्याला गेलात तर गांधीजींना ठेवले होते तो भाग आणि 1932 च्या पुणे कराराची आठवण सांगणारे आंब्याचे झाड तुम्हाला दाखवले जाईल. दाखवणाऱ्यांना त्याचा खरा अभिमान असतो, आणि पाहण्यासारखे ते आहेच. 1871 पासूनचा हा तुरुंग. राज्यातल्या कारागृह पर्यटनाची सुरुवातसुद्धा 26 जानेवारी 2021 ला इथूनच झाली. पण पर्यटक आणि अभ्यागत यांची वाट वेगळी आहे. इतिहास पाहायला वेगळा दिवस काढा. अभ्यागत म्हणून गेलात की फाटकावर नोंद करा, मोबाइल जमा करा, आणि अधीक्षकांच्या दालनात बसल्या बसल्या पहिली मागणी करा ती अभ्यागतांच्या वहीची. मागच्या दोन वर्षांचे शेरे वाचा. कोणत्या शेऱ्यावर काय झाले, एवढे एकच विचारा. पुढची सगळी भेट त्या उत्तरावरून ठरते. ‘पत्रव्यवहार सुरू आहे’ असे उत्तर मिळाले तर पत्र पाहायला मागा. आवाज चढवायची गरज नाही. प्राध्यापकी केलीय तुम्ही, उत्तरपत्रिका तपासताना चढतो का आवाज?

‘दाखवतील तेच दिसणार’ ही तुमची भीती बराकींच्या बाबतीत खरी आहे, वह्यांच्या बाबतीत नाही. बराक एका सकाळीत झाडून घेता येते, फरशीवर फिनेल मारता येते, स्वयंपाकघरात त्या दिवशी डाळ घट्ट करता येते. तीन महिन्यांच्या नोंदी मात्र एका सकाळीत जुळवता येत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या माणसांच्या हातच्या असतात. दवाखान्यातली वही डॉक्टर आणि औषधनिर्माते लिहितात, फाटकावरची वही फाटकावरचा शिपाई लिहितो, पोलिसांशी पत्रव्यवहार कार्यालयातला लिपिक करतो. यांतली एकेक वही वाचून काही कळत नाही. दोन वह्या शेजारी ठेवल्या की तुरुंग बोलायला लागतो.

एक उदाहरण देते. तुरुंग कोणता ते सांगत नाही. साठी ओलांडलेला एक जन्मठेपेचा बंदी होता, हर्नियाचा त्रास होता. दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘सरकारी रुग्णालयात पाठवावे’ अशी नोंद पुन्हा पुन्हा झालेली. म्हणजे डॉक्टरांनी आपले काम केले होते. फाटकावरच्या वहीत मात्र तो माणूस बाहेर गेल्याची नोंदच नव्हती. तिसरी चीज मागितली, पोलीस मुख्यालयाला पाठवलेल्या पत्रांची फाइल. तीही व्यवस्थित होती: दर तारखेला एस्कॉर्ट, म्हणजे सोबत जाणारा पोलीस पहारा, मागितलेला, आणि दर वेळी उत्तर एकच, मनुष्यबळ उपलब्ध नाही. एकदा पालखीचा बंदोबस्त, एकदा गणपतीचा, एकदा निवडणूक. अधीक्षक म्हणाले, ‘मॅडम, आमच्या हातात काय आहे?’ ते खरेच बोलत होते. डॉक्टर, लिपिक, अधीक्षक, कोणाचीही चूक दाखवता येत नव्हती आणि म्हातारा कळवळत बराकीत पडून होता.

इथे ‘वैद्यकीय सोय अपुरी’ असा शेरा लिहिला असता तर त्यावर ‘डॉक्टर उपलब्ध आहेत’ असे उत्तर येऊन विषय मिटला असता. मी त्या तीन वह्यांतल्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या आणि अशा अडकलेल्या सगळ्या रुग्णांची यादी पुढच्या भेटीत पाहायला मिळावी, असे लिहिले. यादी बरीच लांब निघाली. ती सरकारी आणि अशासकीय अभ्यागतांच्या मिळून झालेल्या अभ्यागत मंडळाच्या बैठकीत जिल्हा न्यायाधीशांसमोर गेली. त्या बैठकीत पोलीस खात्याचेही अधिकारी बसलेले होते. आठवड्यातला एक वार रुग्णालयाच्या एस्कॉर्टसाठी राखीव ठेवायचे ठरले, आणि शल्यचिकित्सकांनी महिन्यातून एकदा तुरुंगातच येऊन तपासणी करायची. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. गणपतीत तो वार पुन्हा चुकलाच. पण म्हाताऱ्याचे ऑपरेशन झाले.

एस्कॉर्टचा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बहुतेक तुरुंगांत तुम्हाला दिसेल, आणि रुग्णालयापुरताच नाही. कोर्टाच्या तारखांनाही तोच घोळ. व्हिडिओवरून हजेरी सुरू झाल्यापासून कोर्टाची नोंद पूर्ण होते, पण बंद्याला वकिलाशी दोन शब्द बोलता येत नाहीत. म्हणून तारखेला हजर केले का, एवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष नेले की पडद्यावर दाखवले, हेही विचारा.

वह्यांकडून माणसांकडे येऊ. बंद्यांशी बोलताना शिपाई दिसेल इतक्या अंतरावर असावा, ऐकू येईल इतक्या अंतरावर नसावा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये नव्याने मान्य केलेल्या आणि नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांतही हेच आहे: कोणाशी बोलायचे ते तपासणीला येणाऱ्याने ठरवायचे, आणि बोलणे खाजगीत व्हायचे. तुमच्यासमोर आणून उभे केलेले चार ‘चांगले बंदी’ नमस्कार करून ‘सगळं ठीक आहे साहेब’ म्हणतील. त्यांचा मान ठेवा आणि पुढे चला. मी बराकीत शिरले की दारापासून सर्वांत लांब, संडासाच्या भिंतीला लागून ज्याचे अंथरूण आहे त्याच्याकडे जाते. ती जागा नव्या, गरीब, बाहेरून मनीऑर्डर न येणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते. बराकीची खरी हकिगत त्याच्याकडे असते. तो लगेच सांगेल असे नाही.

आणि तो का सांगत नाही, याचा विचार तुम्ही आधी करायचा. तुम्ही तासाभराने निघून जाणार, तो तिथेच राहणार. म्हणून कधीही एकाशीच बोलू नका. प्रत्येक बराकीत आठ-दहा जणांशी बोला, त्यांतल्या काहींशी नुसते गाव कुठले, पाऊस कसा झाला एवढेच बोला, म्हणजे कोणी काय सांगितले याचा माग कोणाला काढता येणार नाही. शेऱ्यात नाव लिहायचे ते त्याने स्वतःहून ‘लिहा’ म्हटले तरच. आणि लिहिलेत तर पुढच्या खेपेला त्याच माणसाला शोधून भेटा. तो दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला असेल तर का आणि कधी, हे विचारा आणि तेही लिहा. यात कुचराई करणाऱ्याने अभ्यागत होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो कोणत्या गुन्ह्यात आत आला हे विचारू नका. चिठ्ठी, निरोप, फोन नंबर, काहीही बाहेर नेऊ नका आणि आत आणू नका, मग ती म्हातारीची औषधाची चिठ्ठी का असेना. तो कायद्याने गुन्हा होऊ शकतो आणि तुमच्या नेमणुकीवर गदा आणायला एवढे निमित्त पुरते. ‘जामिनाचे बघतो’ असे सौजन्यानेसुद्धा म्हणू नका. बाहेर ज्याला आपण दिलासा म्हणतो, त्याची आत तारीख होते, आणि माणूस ती तारीख मोजत बसतो.

गर्दीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के माणसे होती आणि त्यांतली सुमारे 76 टक्के न्यायाधीन, म्हणजे खटला न संपलेली. हा आकडा शेऱ्यात लिहून उपयोग नाही, तो सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही रात्रीची चौकशी करा. संध्याकाळचे जेवण लवकर होते, अंधार पडायच्या सुमाराला गिनती, म्हणजे बंद्यांची मोजणी, होऊन बराकी बंद होतात आणि सकाळपर्यंत उघडत नाहीत. तेवढा वेळ आत किती माणसे, संडास किती, त्यांतले चालू किती, पाणी किती वाजेपर्यंत येते? कुशीवर वळायला जागा असते की पाळीपाळीने झोपतात? केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत माणशी 3.71 चौरस मीटर जागा आणि दिवसाला 135 लिटर पाणी असा हिशेब आहे. खिशात टेप घेऊन जा. खरेच सांगते, बराकीची लांबी-रुंदी मोजणारा अभ्यागत पाहिला की आतल्या लोकांची नजर बदलते. बंद्यांचीही आणि अधिकाऱ्यांचीही.

जेवणाचे. स्वयंपाकघरात चमचाभर चाखायचा तो विधी करा हवा तर, पण आतले लोक ज्याला ‘भत्ता’ म्हणतात ते जेवण वाटताना बराकीत उभे राहा. पहिल्याला काय मिळते आणि शेवटच्याला काय, डाळ ढवळून वाढतात की वरवरची, हे तिथेच कळते. कॅन्टीनच्या विक्रीची नोंदही पाहा. खारी, फरसाण, लोणचे यांचा खप अचानक वाढला असेल तर भत्त्यात काहीतरी बिघडले आहे. ज्यांच्या खात्यावर पैसे नाहीत ते त्या दिवसांत काय खातात, हा पुढचा प्रश्न.

संडास कोण साफ करते? हा प्रश्न टाळू नका, सर. कामाच्या वाटपाची वही मागा आणि बराकीतही स्वतंत्रपणे विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 ला तुरुंगातल्या जातीवर आधारित कामाच्या वाटपाविरुद्ध निकाल दिला, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि असा भेदभाव होतो का हे पाहण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असे सांगितले. म्हणजे हे पाहणे आता तुमच्या मर्जीवर सोडलेले नाही. वहीत जात लिहिलेली नसली तरी झाडू कोणाच्या हातात जातो ते दिसतेच.

शिक्षांची वही मी कधीही न पाहता परतत नाही. कोणाला, कशासाठी, कोणती शिक्षा, साक्षीदार कोण. महत्त्वाच्या प्रकरणांत एवढे लिहिलेले असायला हवे. एकाच कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून एकाच बराकीतल्या माणसांना शिक्षा होताना दिसल्या तर तिथे थांबा. आणि ज्यांना वेगळे कोठडीत ठेवले आहे त्यांना भेटल्याशिवाय निघू नका. कोठडीत चोवीस तासांहून जास्त ठेवलेल्या माणसाला डॉक्टरने किंवा त्याच्या सहायकाने रोज पाहावे, हे तर 1894 च्या कायद्यातच आहे. सह्या रोजच्या आहेत की एका बैठकीत केलेल्या, हे शाईवरून कळते. मंडेला नियमांत सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला मनाई आहे. ‘तो वेडा आहे, म्हणून वेगळा ठेवलाय’ असे कारण मिळाले तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याची आठवण द्या. येरवड्यात मनोरुग्णालय तुरुंगापासून फार लांब नाही. मनाने आजारी माणसाला कोठडी हा उपचार नव्हे.

महिला तुरुंगात तुमच्यासारख्या पुरुष अभ्यागतापेक्षा स्त्री सदस्याने जाणे बरे. 1983 मध्ये मुंबईतल्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शक्यतो महिला न्यायाधीशांनी अचानक भेटी द्याव्यात असे सांगितले होते, ते उगाच नाही. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत असतात; त्यांचे दूध, लसीकरण, बालवाडी यांच्या नोंदी पाहायच्या. पॅड मागावे लागतात की न मागता मिळतात, एवढ्या एका प्रश्नावरून बरेच कळते.

ज्या एका कामात अभ्यागताच्या हातून लवकरात लवकर माणूस सुटू शकतो, ते आता सांगते. अधीक्षकांना विचारा: जामीन मंजूर होऊनही आत असलेले किती? प्रत्येक तुरुंगात असे लोक असतात. वीस-पंचवीस हजारांचा जामीनदार मिळत नाही, म्हणून सोलापूर-धाराशिवकडून पुण्यात बिगारीला आलेला पोरगा कोर्टाने सोडल्यानंतरही महिनोन्महिने आत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये याबद्दल नेमके निर्देश दिले: जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. कळवले का, केव्हा, पुढे काय झाले, या तीन गोष्टी तुम्ही तपासायच्या. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे, तिच्यात न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी आणि सिद्धदोष, म्हणजे गुन्हा शाबित झालेल्या, बंद्याच्या दंडासाठी मदत होऊ शकते; सुरुवातीला तिची मर्यादा अनुक्रमे 40 हजार आणि 25 हजार रुपये होती. योजना आहे हे आतल्या माणसाला माहीत नसते, आणि अर्ज करायचा कोणी यावरून कागद इकडेतिकडे फिरतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 479 नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेली प्रकरणे वगळता, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे, इतरांना अर्धा काळ झाल्यावर. आणि यासाठी कोर्टाकडे अर्ज अधीक्षकांनी स्वतः करायचा. तुम्ही फक्त यादी मागा. यादी मागितली गेली की ती तयार होते, आणि तयार झालेली यादी न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीपुढे जाते. तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशच असतात.

कर्मचाऱ्यांशीही बोला. हे बरेच अभ्यागत विसरतात, आणि काहींना तर ते शत्रुपक्षात गेल्यासारखे वाटते. रात्रपाळीला किती बराकींमागे एक शिपाई आहे, सलग किती तासांची ड्यूटी झाली, क्वार्टर गळते का, हे विचारले की माणूस खुलतो. आणि मग जे सांगतो ते बंद्यांच्या तोंडून महिनाभर मिळाले नसते. ज्या तुरुंगात शिपाई बारा-बारा तास उभा आहे तिथे बंद्याशी कोण गोड बोलणार? मारहाणीला हे समर्थन नाही. पण शेऱ्यात रिक्त पदांची नोंद असली तर अधीक्षकांनाही तो शेरा वर पाठवायची घाई होते, हा व्यवहार लक्षात ठेवा.

शेरा लिहायचा कसा? ‘पाण्याची टंचाई आहे, दखल घ्यावी’ असे लिहू नका. ‘बराक 4, दुपारी 3 वाजता 96 बंदी हजर. तीन नळांपैकी एक चालू. बंद नळांच्या दुरुस्तीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र कधी गेले, त्याची प्रत पुढील भेटीत दाखवावी’ असे लिहा. विशेषणे काढून टाका, आकडा आणि तारीख ठेवा. चांगले दिसले तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. नुसते दोष लिहिणाऱ्याचे शेरे कोणी वाचत नाही. आणि निघण्यापूर्वी शेऱ्याची प्रत मागून घ्या. प्रत द्यायला खळखळ झाली तर माहिती अधिकाराचा कायदा आहेच: साधारण तीस दिवस, आणि माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून थांबायच्या नसतात. अंगावर ताजे वळ दिसले, कोणी हात मोडलेला आणि नोंद ‘पाय घसरून पडला’ अशी असली, तर त्याच दिवशी जिल्हा न्यायाधीश आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांना लेखी कळवा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येते. 1993 च्या कायद्याने आयोगाला तुरुंगाला भेट द्यायचा अधिकार आहे, आणि 2006 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सरकारला आगाऊ कळवायचे बंधनही उरलेले नाही. कोठडीतल्या मृत्यूची माहिती राष्ट्रीय आयोगाला 24 तासांत द्यायची असते. तुमच्या तुरुंगात मागच्या वर्षी मृत्यू झाले असतील तर प्रत्येकाची दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी कुठवर आली, हे विचारण्यात काही गैर नाही. एका कैद्याच्या पत्राचीसुद्धा याचिका होऊ शकते. 1979 मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतले आणि तक्रारपेट्या, न्यायाधीशांच्या भेटी यांचे निर्देश त्यातून आले. त्या पेटीची किल्ली कोणाकडे असते, हे जरूर विचारा. किल्ली तुरुंगातच राहत असेल तर पेटी कायम रिकामी सापडेल.

तुम्ही विचारले नाही, पण मनात असेल: हे सगळे खरोखर ‘स्वतंत्र’ म्हणायचे का? माझे मत, पुरते नाही. ज्या सरकारचा तुरुंग, तेच सरकार अभ्यागत नेमते. जागा महिनोन्महिने रिकाम्या राहतात, आणि नेमणुकीत कार्यकर्त्यांची सोय लावण्याचा मोह सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाला 15 सप्टेंबर 2017 च्या निकालात राज्यांना मुदत घालून सांगावे लागले, की अशासकीय सदस्यांसह अभ्यागत मंडळे 30 नोव्हेंबरपर्यंत नेमा. इंग्लंडमध्येही अशा मंडळांवर साधे नागरिकच बिनपगारी असतात आणि त्यांनाही मंत्रीच नेमतो. पण त्यांना कोणत्याही वेळी तुरुंगात कुठेही जाता येते आणि प्रत्येक तुरुंगाचा त्यांचा वार्षिक अहवाल छापून सर्वांसाठी खुला होतो. नेमणूक कोण करतो यापेक्षा अहवाल कोण वाचू शकतो, याने जास्त फरक पडतो असे मला वाटते. आपला शेरा वहीत आणि फाइलीत राहतो. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. तुरुंगांच्या स्वतंत्र पाहणीची सक्ती करणारा 2002 चा पूरक करार तर त्याच्याही पुढची पायरी. तोवर आहे त्या वहीवर काम करायचे.

तेव्हा नेमणूक स्वीकारा. आदेश हातात आला की तो कोणत्या नियमाखाली निघाला आहे ते पाहा, कारण केंद्राच्या 2023 च्या आदर्श कायद्यानंतर राज्यांचे कायदे बदलत आहेत आणि तुमची मुदत, भेटींची वारंवारता त्यावर ठरेल. मग शिवाजीनगर कोर्टात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, आढावा समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि पहिली भेट त्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी ठेवा. म्हणजे जामीन होऊनही अडकलेल्यांची यादी बैठकीत वेळेवर पोहोचेल. सकाळी जाऊ नका. दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि भत्ता वाटून गिनती होईपर्यंत थांबा.